पहिलं बाळ गुरुवारी

नव्या प्रसूतिगृहाची किल्ली माझ्याकडे आली, कारण अख्ख्या स्वागत समितीत न फाटलेला खिसा फक्त माझ्याच पँटला होता.

इमारत सिमेंट कंपनीची, खाटा परदेशी सरकारच्या, जमीन आमची. याला भागीदारी म्हणतात. भागीदारीत शेवटी टाळ्याही लागतात, त्या आमच्याकडे होत्या. त्या गुरुवारी द्यायच्या होत्या.

कंपनीचे काचिंग्वेसाहेब शहरातून, ब्लांटायरहून, येऊन बजावून गेले, "बाबा, फीत कापेपर्यंत दार उघडायचं नाही. पहिलं बाळ पाहुण्यांसमोर जन्मलं पाहिजे. फोटो जायचाय परदेशात."

"आणि कुणाला आधीच कळा आल्या तर?"

"समजावा की. तुमचंच गाव आहे."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.

बायकांना कंपनीने एकसारखी हिरवी कापडं वाटली, प्रत्येकीवर सिमेंटचं पोतं छापलेलं. पूर्वी जिथे बाळंतपणं व्हायची, त्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्च्या रचून ठेवल्या. तयारी झाली.

मंगळवारी दुपारी माझी बहीण फालेस अंगणात आली. मागे तिची लेक एनेलेस, नर्सच्या खांद्यावर भार टाकून. आमच्यात बहिणीची मुलं मामाची. लग्न मामाने ठरवायचं, दवाखान्यात न्यायचं तेही मामाला विचारून. म्हणून त्या माउलीला तेवढ्या उन्हात आधी माझ्या दारात आणलं.

"दादा, कळा सुरू झाल्यात. रक्त जातंय."

"मामा, किल्ली द्या," नर्स म्हणाली. "सलाईन, ऑक्सिजन, सगळं आत कुलपात पडलंय."

"परवा उद्घाटन आहे," मी म्हणालो.

"तुझ्या पाहुण्यांसाठी पोर अडून बसणार आहे होय?" फालेस म्हणाली.

आंब्याच्या खोडाला टेकून एनेलेस हसायला बघत होती. "द्या की, मामा. पहिलं बाळ आपल्याच घरातलं होईल. फोटोत तुम्ही पण याल."

मी विचार केला. विचार करायची सवय वाईट. दार उघडलं आणि साहेब चिडले तर? खाटा परत गेल्या तर? साऱ्या गावाच्या लेकीबाळींचं काय? इमारत आणि खाटा ताब्यात घेतल्याच्या कागदावर सही माझी होती.

"जिल्ह्याच्या इस्पितळात न्या," मी म्हणालो. "सायकल-टॅक्सीवाल्याला मी सांगतो."

नुसता समितीचा अध्यक्ष असतो, तर नर्सने खिशात हात घालून किल्ली ओढून घेतली असती. पण मी मामा होतो. मामाने सांगितल्यावर कुणी बोलत नाही. फालेसने लेकीचं बोचकं उचललं. नाळ कापायला नवं पातं, परात, बाळाला गुंडाळायला ते हिरवं कापड.

जिल्ह्याच्या वाटेवरच्या लाकडी पुलाच्या अलीकडेच एनेलेस गेली. बाळ पोटातच.

गुरुवारी तीन गाड्या आल्या. मयत मातीआड होईपर्यंत आमच्याकडे कुणी कामाला हात लावत नाही, टाळ्यांनाही नाही. पाहुण्यांच्या खुर्च्या स्मशानात म्हाताऱ्यांना बसायला नेल्या होत्या. एनेलेसला त्याच हिरव्या कापडात गुंडाळलं होतं, घरात दुसरं नवं नव्हतं. काचिंग्वेसाहेब टोपी काढून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाबा, किल्ली?"

मी दिली. शुक्रवारी फीत कापली, शनिवारी शेजारच्या गावच्या बाईला मुलगा झाला. फोटो चांगला आलाय म्हणतात.

फालेसने मला एका शब्दाने दुखवलं नाही. दुखवलं असतं तर बरं झालं असतं. परवा सकाळी ती अंगणात आली, मागे तिची धाकटी लेक, पोटाला हात लावून उभी. प्रसूतिगृहाला आता कुलूप नसतं, दार दिवसभर उघडं असतं. तरीही फालेस आधी माझ्याकडेच आली. रीत आहे.

"दादा, हिला कळा सुरू झाल्यात," ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली. "नेऊ का?"

"ने," मी म्हणालो.

एवढाच शब्द होता. त्या मंगळवारीही एवढाच हवा होता.