मी बघितलेले तळवे

"कोंबड्यांच्या जागेत खडी टाकू नकोस, आणि अधूनमधून त्यांना उचलून तळवे बघत जा. वरून काही कळत नाही," असं शेजारच्या डोरीनबाईंनी कुंपणावरून सांगितलं होतं. सुनीतीने हसून 'थँक्यू' म्हटलं आणि ती बाळाच्या बाटल्या उकळायला आत पळाली. मित्रांनो, मी तेव्हा मागच्या दाराशी उन्हात वाळत होतो. मी एक निळा टब. आता जुना झालोय, पण मी नक्की कशाचा टब, हे मला अजून कळलेलं नाही.

साच्यातून बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर बदकाचं चित्र चिकटवलं होतं. त्यामुळे मला वाटायचं, आपण बदकांसाठी आहोत. पण लंडनजवळच्या पिनरमधल्या या घरात आलो आणि माझ्यात ठेवली गेली वरदा, सुनीतीची लहानगी. सुनीती पुण्यात एम.एस्सी. झालेली, पण माझ्यातलं पाणी कोपराने तपासायची, मग थर्मामीटरने आणि मग पुन्हा कोपराने. वरदाचे गुलाबी तळवे माझ्या तळावर थपथप वाजायचे. येणारा जाणारा मला छान म्हणायचा. मी खुशीत होतो.

मग नागपूरहून सुनीतीचे सासरे आले, सहा महिने राहायला. त्यांचं नाव दीनानाथ, घरात सगळे बाबा म्हणत. दारातच सुनीती वाकून त्यांच्या पाया पडली. माझा मुक्काम जमिनीवर, त्यामुळे मी माणसं पायांवरून ओळखतो. पण बाबांचे पाय मला दिसलेच नाहीत. जुलै महिन्यातही त्यांना थंडी वाजायची, आणि पायांत सदा राखाडी लोकरी मोजे. पुढे गुरुपौर्णिमा आली, राखी आली, गणपती आले. दर वेळी सुनीती वाकायची, मोज्यांना हात लावायची, बाबा 'सुखी राहा' म्हणायचे.

बाबांचा वेळ जावा म्हणून सुनीतीच्या नवऱ्याने, स्वानंदने, तीन कोंबड्या आणल्या. त्यातल्या सगळ्यात जाड कोंबडीचं नाव बाबांनी ठेवलं मधुमती. त्यांच्या ऑफिसात त्या नावाच्या हेडक्लार्क होत्या म्हणे, आणि दोघींची चाल एकच, काम काही नाही पण रुबाब साहेबाचा. बाबा रोज सकाळी स्वानंदचे रबरी बूट चढवून तिला दाणे घालायला जायचे. तिथे चिखल व्हायचा, आणि तो चिखल रांगणाऱ्या वरदाच्या तोंडात जाईल या धास्तीने सुनीतीने सगळीकडे टोकदार खडी पसरून घेतली. घर कसं स्वच्छ झालं.

ऑक्टोबरात मधुमती लंगडायला लागली. सुनीतीने तिला उचलून उलटी केली आणि तिचा चेहरा उतरला. तळवा सुजला होता आणि मधोमध काळी खपली. ती तशीच कोंबडी घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेली. खडीने कातडं फाटलं, रात्री बसायच्या उंच दांडीवरून उड्या मारून जखम चिघळली आणि आत जंतू शिरले, असं त्यांनी सांगितलं. औषध दिलं. पाय कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून शेकायचा, कोरडा करायचा, मलम लावून मऊ पट्टी बांधायची, आणि सूज वाढली तर लगेच परत यायचं.

आणि मित्रांनो, त्यासाठी टब कोणता निवडला? मी! मला वाटलं, काहीतरी चूक झाली. वरदाला नवा पांढरा टब आला. सुनीतीने हातमोजे घातले, बाबांनी मधुमतीला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलं, आणि माझ्यात एक खवल्यांचा पिवळा पाय उतरला. बदक नाही, बाळ नाही. माझ्या डोक्यात नुसता गोंधळ.

चारपाच दिवस हे असंच चाललं. मग एका दुपारी मधुमतीने जोरात लाथ मारली आणि माझ्यातलं पाणी बाबांच्या पायांवर सांडलं.

"मोजे काढा बाबा, सर्दी होईल."

"राहू दे गं. वाळतील."

सुनीती पुसायला खाली वाकली आणि थबकली. एका मोज्याच्या तळाला बिस्किटाएवढा पिवळट डाग होता. मला तो केव्हाचा दिसत होता, पण मला वाटलं, मोज्यांवर नक्षी असते तशीच ही.

"पाय वर करा बघू."

बाबांनी पाय मागे ओढला. "सुनेने सासऱ्याच्या पायाला असा हात लावायचा? वेडी आहेस का?"

"सणावारी लावते तेव्हा चालतो ना? मग आज तोच पाय उलटा करून दाखवा."

बाबांनी पाय पुढे केला. मोजा निघाला. अंगठ्याखाली काळी खपली, भोवती सूज. मधुमतीच्या पायाची जणू नक्कल.

"दुखत नाही गं," बाबा हळूच म्हणाले.

बाबांना मधुमेह होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पायाची जाणीव कधी गेली, हे मात्र खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांच्या बुटात खडीचा एक तुकडा निघाला.

मी वाट बघत राहिलो, आता बाबांचा पाय माझ्यात येईल. पण नाहीच. असा पाय पाण्यात बुडवायचा नसतो, असं त्यांना लगेच हॉस्पिटलात नेल्यावर तिथल्या नर्सने सांगितलं. म्हणजे जखम तशीच, उपाय मात्र वेगळा! माझी मती गुंग झाली. एवढंच कळलं की अजून उशीर झाला असता तर अंगठा गेला असता. सुनीती दारात बसून रडली, आणि बाबा तिला म्हणत होते, "अगं, आहे ना जागेवर."

खडी निघाली, कोरडा भुसा आला, दांडी खाली आली. मधुमती आधी बरी झाली आणि बाबांना चिडवल्यासारखी त्यांच्यापुढून ऐटीत चालायची. बाबांना वेळ लागला. जानेवारीत ते नागपूरला गेले, दहाच्या दहा बोटं घेऊन.

माझ्या तळाला आता भोकं पाडली आहेत आणि माझ्यात कोथिंबीर उगवते. मी काय आहे, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. दर रविवारी खिडकीतून सुनीतीचा फोन ऐकू येतो. जेवलात का, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "बाबा, तळवे कुणाला दाखवलेत?"

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी जाड मोजे घालून, 'मला कुठे काय होतंय' म्हणत बसलं असेल. तुम्ही त्यांच्या पाया पडत असाल. आज जरा खाली बसा, मोजे काढायला लावा आणि खालून बघा.