होडीतलं पाणी

महेरुन्निसा आणि तिचा धाकटा दीर उझैर यांच्यात तीन वर्षं विस्तव जात नव्हता. कारण काय, तर एक होडी. सासरे गेले ते होडी कोणाची हे न सांगताच गेले. दोघे भाऊ अलिबागच्या कोर्टात उभे राहिले आणि कोर्टाने हुकूम दिला: निकाल लागेपर्यंत होडी जैसे थे. मग काय, रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, दोन भावांच्या दोन घरांच्या मधोमध, होडी उभीच. पावसाचं पाणी आत गुडघाभर साचलं. तळाचं लाकडी बूच ओढलं असतं तर तासाभरात रिकामी झाली असती. पण हात लावायचा कोणी? एकाने लावला की दुसरा कोर्टाच्या अवमानाची केस ठोकायला टपलेलाच.

आरोग्य केंद्रातली शिवानी आली आणि वाटीभर पाणी काढून तिने दोन्ही घरांना वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या. डेंग्यूचा डास ह्यातूनच उडतो, दिवसाढवळ्या चावतो, आणि ज्याला एकदा डेंग्यू होऊन गेलाय त्याला दुसऱ्यांदा झाला तर जिवावर बेतू शकतं, असं तिने समजावलं. पाणी सोडायला दोघांची हरकत नाही असा कागदही तिने लिहून आणला. उझैरने चार शिव्या हासडल्या, पण सही केली. महेरुन्निसाने नवऱ्याला सही करू दिली नाही. बिचारा नजमुद्दीन, बायकोपुढे त्याचं कधी चाललंय! वकील गावाला गेलाय, असं तिने शिवानीला सांगितलं. धडधडीत खोटं.

तिच्या मनात वेगळंच होतं. गेल्या वर्षी डेंग्यू झाला होता तो उझैरच्या मुलीला, इनशाला. पोर मरावी असं काही तिला वाटत नव्हतं, अल्लाची शपथ. पण उझैरने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवाव्यात, त्याचा ताठा जरा उतरावा, एवढं मात्र तिला वाटत होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हाच प्रकार. फक्त आपलं नाक शाबूत राहणार अशी तिची खात्री होती. तिचा एकुलता एक मुलगा रय्यान न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला होता आणि पनवेलच्या एका इस्पितळात डेंग्यूच्या नव्या लसीची चाचणी चालली होती तिथे त्याने नाव दिलं होतं. त्याने आईला नीट सांगितलं होतं, की लस अजून सिद्ध व्हायचीय, शिवाय काहींना लस टोचतात आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी, कोणाला काय गेलं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ती म्हणाली होती, तुला कशाला पाणी देतील? आपला तो बाब्या!

रय्यान सुट्टीला आला, चार दुपारी पडवीत झोपला. परत गेला नाही तोच ताप, ओकाऱ्या, अंगावर लाल ठिपके. यार्डातल्या पोरांनी त्याला अलिबागच्या इस्पितळात आणून घातला तेव्हा प्लेटलेट अठरा हजारांवर आल्या होत्या. महेरुन्निसाने चाचणीच्या डॉक्टरांना फोन लावून नको नको ते ऐकवलं. खोटी सुई मारलीत, माझं लेकरू फसवलंत. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला की रय्यानला सगळं माहीत होतं, सही त्याचीच आहे.

भरदुपारी ती रेवदंड्याला परतली ती थेट होडीशी. बूच फुगून घट्ट बसलं होतं. दगडाने ठोकून ठोकून तिने ते सैल केलं आणि उपटलं. पाणी धो धो वाहायला लागलं. उझैर मोबाईलवर शूटिंग करत बाहेर आला, मागे इनशा.

"भाभी, सही मागितली तेव्हा हात मोडले होते?"

तिचं डोकंच फिरलं. इतके दिवस आत दाबलेलं भडाभडा बाहेर आलं.

"नाही केली! तुझ्या पोरीला चावू देत म्हणून नाही केली. माझ्या पोराला टोचलेलं होतं. मिळालं? जा, दाखव कोर्टाला."

उझैरने शूटिंग बंद केलं. त्याने पोरीला आत नेलं.

नवव्या दिवशी रय्यान धोक्याबाहेर आला. महेरुन्निसाने दर्ग्यात चादर चढवली, डब्यात पेज घेतली आणि अलिबागला पोहोचली. पोरगा उशीला टेकून बसला होता, हातात मोबाईल. तिने डबा उघडला, चमचा त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड वळवलं. मोबाईलमधून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. उझैरने ते कोर्टात नेलं नव्हतं, पुतण्याला पाठवलं होतं.

रय्यानने ते संपेपर्यंत चालू ठेवलं. मग म्हणाला, "अम्मी, इनशा नऊ वर्षांची आहे."

ती काहीबाही सांगत राहिली, रडली, शपथा घेतल्या. त्याने नर्सला बोलावलं आणि सांगितलं, ह्यांना बाहेर पाठवा.