छातीवर धरलेलं व्हायोलिन

"तारा जुळवण्यातच अर्धी संध्याकाळ गेली बाई!" मागच्या रांगेत अहिल्याताई नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणं तीन रांगांना पुरायचं.

उपासनाने मान वळवली नाही. समोर तिची लेक हिमानी तिसऱ्यांदा खुंट्या पिळत होती. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधलं संगीत आणि अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीतला छोटा हॉल. पन्नास खुर्च्या, त्यांतल्या निम्म्या उपासनाने व्हॉट्सअ‍ॅपवर गळ घालून भरलेल्या.

"आतड्याच्या तारा आहेत त्या," शेजारी बसलेले तिचे वडील, भानुदास, मागे वळून म्हणाले. "खोलीत माणसं भरली की उतरतात. पोरीचा दोष नाही."

"अय्या काका, तुम्हाला बरंच कळतं की! वाजवायचे का तुम्ही?"

"बाबा रेल्वेत होते," उपासना घाईने म्हणाली. "ऐकायची आवड आहे, एवढंच."

"हो, आवड," भानुदास म्हणाले आणि पुढे वळून बसले.

बावीस वर्षांपूर्वी ट्रॉयला आल्या आल्या उपासनाने लोकांना सांगताना त्यांना रेल्वेत लावलं होतं. एव्हाना ते तिथून रिटायरही झाले होते. हिमानीलासुद्धा तेवढंच ठाऊक. खरं तर नागपुरात ते एका गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. एप्रिलमध्ये भीमगीतं, एरवी लग्नं.

हिमानीने वाजवायला सुरुवात केली. व्हायोलिन हनुवटीखाली नव्हतंच, छातीवर टेकवलेलं होतं. बाबा अगदी असंच धरायचे. मान मोकळी राहिली की वाजवता वाजवता नवरदेवाच्या मामांना नमस्कार करता येतो, म्हणायचे.

पहिला तुकडा संपल्यावर हिमानी इंग्रजीतून समजावू लागली. त्या काळी तिकडची बडी माणसं घरात व्हायोल नावाचं, पायांत उभं धरायचं तंतुवाद्य वाजवायची. व्हायोलिन हे दारूच्या गुत्त्यातलं, लग्नातलं वाद्य. वाजवणाऱ्याला बोलवायचे, त्याच्या सुरांवर नाचायचे, पण शेजारी बसवून घ्यायचे नाहीत. लोक हसले. कुणीतरी "पुअर थिंग्ज" म्हणालंसुद्धा.

भानुदास हसले नाहीत. उपासनाही.

नागपुरात, ती कॉलेजात असताना, एका मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं. उपासना नव्या ड्रेसात, मैत्रिणींच्या घोळक्यात, आणि मांडवात वाजवायला बाबा. तिने तासभर नजर चुकवली. पंगती उठल्यावर ते पाण्याच्या पिंपाशी आले, तर ही तिथेच उभी. त्यांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं.

"ताई, जरा पाणी द्याल का?"

पोटच्या पोरीला 'द्याल'! तिची लाज राखायला. आणि ही शहाणी काय करते, तर परक्या माणसाला द्यावा तसा पेला पुढे करते. घरी गेल्यावर ते काही बोलले नाहीत, तीही नाही. याला आता तीस वर्षं झाली.

कार्यक्रम संपला, मागच्या टेबलावर सामोसे आले. हिमानी धावत आली. "आबा, यू लाइक्ड इट?"

"लय लाइक्ड," भानुदास म्हणाले आणि त्यांना ठसका लागला.

"काका, रेल्वेत कुठल्या खात्यात हो?" हातात प्लेट घेऊन अहिल्याताई आल्याच. "माझे भाऊजी नागपूरलाच होते, ओळख निघेल बघा!"

भानुदासांनी उपासनाकडे पाहिलं. एकदाच. तशीच नजर.

"पार्सल ऑफिसात," ते म्हणाले.

म्हातारा माणूस तिच्यासाठी पुन्हा परका व्हायला तयार होता, तेही ठसका आवरत. उपासना टेबलाकडे गेली. कागदी पेला भरताना अर्धं पाणी टेबलावर सांडलं. उरलेलं तिने दोन्ही हातांनी आणून त्यांच्यापुढे धरलं.

"बाबा, पाणी घ्या."

मग ती वळली. तोंड तापलं होतं, पण आवाज तीन रांगांना पुरेल एवढा निघाला.

"अहिल्याताई, बाबा रेल्वेत नव्हते. लग्नांत व्हायोलिन वाजवायचे. आणि एकदा, भर मांडवात, मी त्यांना ओळख दाखवली नव्हती."