रेंज न लागणारा खेळ

चार वर्षांच्या पोराला एका जागी बसवणारं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही, हे गुरुदासला चांगलं ठाऊक होतं. पण कुडाळच्या बाजारात मोबाइलचं दुकान मांडून बसलेल्या माणसाने असलं खरं बोलायचं नसतं. तो काउंटरवर एकेक खोका काढत गेला आणि दीपिकाच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली.

"वयनी, ह्यो टॅब बघा. खास पोरांसाठी. आपटलो तरी फुटाचो नाय."

"इंटरनेट लागता?"

"आता इंटरनेट तर लागतलाच."

"मग नको. ठेव आत."

गुरुदासने टॅब आत ठेवला आणि पोपटी रंगाचं एक खेळणं काढलं. त्यात कार्ड सरकवलं की ते इंग्रजीत बोलायचं. त्याने डॉल्फिनचं कार्ड घातलं. खेळणं एवढं लाडात येऊन बोललं की दीपिकाला पुढे ऐकवेना. शिवाय ती कार्डं पहिल्याच दिवशी विहिरीत गेली असती. आपल्या पोराला, लवूला, ती ओळखून होती. मग आली लिहायची आणि बटण दाबून पुसायची पाटी. लवूने त्यावर दोन रेघोट्या मारल्या असत्या आणि मग पाटी डोक्यावर धरून गावभर धाव घेतली असती.

"वयनी, तुमका नक्की होया काय?" शेवटी गुरुदास म्हणाला. त्याचाही धीर सुटत चालला होता.

"माका काय नको. माझ्या झिलाक घरात बसवीत असा कायतरी दी. घरात! भायर नाय."

हे ती जरा जास्तच मोठ्याने बोलली. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. बघू दे, म्हणाली मनात. ज्याचं घर खाडीपासून दगड फेकण्याच्या अंतरावर नाही, त्याला काय कळणार?

गेल्या आठवड्यात बाबलीने लवूला काखोटीला मारून घरी आणलं होतं. बाबली होडीवाला, शेजारचाच. होडी पाण्यात लोटायला गेला, तर हा पठ्ठ्या गुडघाभर पाण्यात उभा राहून कुर्ल्यांशी गप्पा मारत होता. बाबलीने हाक मारल्यावर तो आणखी आत पळाला. हाक ऐकली की उलट्या दिशेला पळायचं, हा लवूचा लाडका उद्योग. बाबली पट्टीचा पोहणारा म्हणून निभावलं.

तेव्हा दीपिका ऑफिसात होती आणि सासूबाई, सुशीला, मागच्या दारी चुलीवर पाणी तापवत होत्या. त्यांचे गुडघे गेलेले. पोराच्या मागे धावणं त्यांच्याच्याने होत नसे, म्हणून त्या कानाने राखण करायच्या. लवू डबा बडवतोय, कोंबड्यांवर खेकसतोय, म्हणजे अंगणात आहे. आवाज थांबला की त्या हातातलं टाकून उठायच्या. त्या दिवशी उठायला थोडा उशीर झाला, एवढंच.

त्याच दिवशी दीपिकाने ठरवून टाकलं होतं. पोरगा घरात बसेल असं काहीतरी आणायचं, नाहीतर नोकरी सोडायची. काजूच्या कारखान्याच्या ऑफिसात ती नुकती कुठे कायम झाली होती. खिडकीजवळची खुर्ची तिची होती, कपाटाची चावी तिच्याकडे होती, आणि दुपारी कुणालाही न वाढता तिला आपला डबा आपण खाता येत होता. ती खुर्ची सोडायची म्हटलं की तिचं मन मागे ओढायचं. लवू पाण्यात उभा होता हे आठवलं की ती आजच सोडावी असं वाटायचं. दोन्ही विचार दिवसभर पाळीपाळीने यायचे आणि तिची नुसती चिडचिड व्हायची.

त्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, डोळे बिघडतात. अंगणवाडीच्या बाई म्हणायच्या, मुलाला वेळ द्या. वेळ! जणू तो तिने कपाटात लपवून ठेवला होता. आणि नवरा, सुशांत, मस्कतात बसून म्हणायचा, टॅब घे.

सुशांतशी बोलायचं म्हणजे खाडीच्या धक्क्यावर जायचं. त्यांची बंदरवाडी सगळी माडांच्या खाली, डोंगराच्या कुशीत. घरात रेंज नावालाही नाही. तिन्हीसांज झाली की ज्याचं कुणी मुंबईला, गोव्याला, आखातात आहे ते सगळे धक्क्यावर येतात, आणि हात उंच करून, मान वर करून गोल गोल फिरतात. दीपिकाही लवूला घेऊन रोज जायची. पोराला बापाचं तोंड दिसायचं ते तेवढंच.

"अगो, टॅबच घे," कालही सुशांत सांगत होता. "हंय सगळ्या पोरांकडे आसता."

"थंय तुमच्या भिंतीकय रेंज आसता! हंय तो घरात चलतलो कसो? टॅब घेवन पोराक धक्क्यार आणून बसवू काय?"

"तसा नाय गो, तू आधी..." आणि सुशांत तोंड उघडं ठेवून थांबला.

"बाबा बंद पडलो!" लवू ओरडला.

"थांब रे. टोकाक गेल्यार गावता रेंज." दीपिका त्याला ओढत धक्क्याच्या पार टोकाला गेली आणि फोन डोक्यावर धरला. थोड्या वेळाने सुशांतचं तोंड मिटलं, परत उघडलं आणि सल्ला जिथे तुटला होता तिथून पुढे सुरू झाला.

"इलो! बाबा इलो!" लवूने टाळ्या पिटल्या. दीपिकाला मात्र तो सल्ला पुरा ऐकावा लागला.

आणि घरी सासूबाईंचं वेगळंच. "कायव आण बाय, पण पोरगो गप बसलो तर माका कळात कसा, खंय आसा तो?"

"आये, तेका गप बसवक म्हणानच तर आणूचा आसा!"

 सुशीला भांडी आणखी जोरात घासायला लागल्या.

हे सगळं डोक्यात घेऊन दीपिका गुरुदासच्या काउंटरपाशी उभी होती. गुरुदासने आता शेवटचा उपाय म्हणून खालच्या फळीवरून एक लाल रंगाचा गेम काढला. लवूच्या दोन्ही हातांत नीट मावेल एवढा. आत शेकडो खेळ: उड्या मारणारा बेडूक, वरून पडणाऱ्या विटा, मोटारींची शर्यत. बटण दाबलं की टिंगटिंग वाजायचं.

"रेंज?"

"रेंजचो काय संबंधच नाय, वयनी. चार्ज करा नि द्या."

"जाहिराती? फोन? मधीच कोणाचो व्हिडिओ?"

"काय एक नाय. जुन्या पद्धतीचो आसा."

दीपिकाने तो उलटा केला, सुलटा केला, कानाशी धरून हलवला, सगळी बटणं दाबून पाहिली. नाव ठेवायला काही सापडेना. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपण कुणाचंही न ऐकता एक गोष्ट धड केली.

आणि खरोखरच झालं तसं. लवू पडवीत मांडी घालून बसला तो बसलाच. बेडूक उड्या मारू लागला आणि लवूच्या उड्या थांबल्या. सासूबाईंनीही कुरकुर केली नाही. "वाजता मां? मग बरा," त्या म्हणाल्या. "टिंगटिंग चलता तवसर माका घोर नाय." दीपिका संध्याकाळी घरी यायची तेव्हा लवू मानही वर करायचा नाही. एरवी पायांना मिठी मारून साडी ओढायचा, त्यावरून ती रागवायची. आता तो बघतही नाही म्हणून तिला राग यायचा. पण तो तिने गिळला. पोर कोरडं आहे, घरात आहे, आपली खुर्ची आपल्या बुडाखाली आहे. आणखी काय हवं?

मग एका रात्री लाईट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. गेम चार्ज झाला नव्हता. एस.टी. चुकेल या घाईत दीपिकाच्या ते लक्षातही आलं नाही.

त्या संध्याकाळी ती फाट्यावर उतरली. ऑफिसात साहेबांनी एका हिशेबाबद्दल चारचौघांत सुनावलं होतं, एस.टी.त बसायला जागा मिळाली नव्हती, आणि चपलेचा अंगठा तुटला होता. घरी जाऊन कुणाशीतरी भांडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. उतारावरून खाडी दिसते. भरतीचं पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. माणसं अजून जमली नव्हती. आणि पार टोकाला, जिथे बाबली होडीचा दोर बांधतो त्या खुंट्याच्याही पुढे, एक एवढंसं पोर पाठमोरं उभं होतं. दोन्ही हात डोक्यावर. हातात काहीतरी लाल.

हाक तिच्या गळ्यापर्यंत आली आणि तिथेच तिने ती दाबली. हाक मारली की तो पळणार. आणि पुढे पळायला धक्का उरला नव्हता.

तिने तुटकी चप्पल तिथेच सोडली आणि अनवाणी, पायाचा आवाज न करता चालू लागली. धावायची सोय नव्हती. देवाला काय काय बोलली ते तिचं तिलाच ठाऊक. लवू टाचा वर करत होता. हात आणखी उंच करत होता. गोल फिरला आणि त्याचा एक पाय अर्धा धक्क्याबाहेर गेला, परत आत आला. खाली पाणी डुबुक डुबुक करत होतं.

तिने मागून त्याच्या शर्टाची मूठ धरली आणि त्याला असा ओढला की दोघंही मागे आपटली. मग मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटला. त्याला, सासूबाईंना, सुशांतला, गुरुदासला, गेल्या कित्येक महिन्यांत साठलेलं सगळं तिने त्या एकट्या पोराला ऐकवलं. मारायला हातही उगारला.

"मेल्या, मरतलंस होतंस! कोणी सांगल्यान तुका हंय येवक? सांग! कोणी सांगल्यान?"

लवू घाबरला होता, पण त्याहून जास्त त्याला नवल वाटलेलं दिसत होतं.

"गेम बंद पडलो," तो म्हणाला.

"मग?"

"मग हंय आणलंय. टोकाक रेंज गावता." आणि तिला अजूनही कळत नाही असं बघून त्याने समजावून सांगितलं, "तूच सांगलंस मां."

दीपिकाचा हात वरच राहिला.

वाटेवरून सुशीला एका हाताने गुडघा दाबत येत होत्या. "टिंगटिंग थांबला गो," त्या लांबूनच रडवेल्या आवाजात सांगत होत्या, "माका वाटला, निजलो पोर! माका वाटला, निजलो!" त्यांना बोलायचं म्हणून दीपिकाने वाटेत केवढं काय काय जुळवून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवून तिने पोराच्या अंगावरची धूळ झटकली.

लवूने गेम तिच्यापुढे धरला. "आये, तू धर. तुझो हात वर पावता."

"ह्येका रेंज लागणा नाय रे," ती म्हणाली. हे वाक्य तिने दुकानात केवढ्या खुशीत ऐकलं होतं. आता ते या पोराच्या डोक्यात कसं घालायचं? तिने त्याला उचलून कडेवर घेतलं आणि घट्ट धरलं. "आयक. आजपासून धक्क्यार येवचा नाय. माझ्याबरोबरय नाय, आजयेबरोबरय नाय. कधीच नाय. आयकलंस?"

लवू विचारात पडला. ती कधी अशी बोलली की तो रडायचा, पाय झाडायचा. आज त्याने तसं काही केलं नाही.

"मगे बाबा खंय गावतलो?" त्याने विचारलं.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजायला लागला. ही सुशांतची वेळ. लवूचे डोळे चमकले. "बघ, गावली रेंज!" म्हणत तो पर्सकडे झेपावला.

दीपिकाने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. फोन घेतला असता, तर हे पोर उद्या पुन्हा इथेच आलं असतं. आणि नाही घेतला, तर पोराला बापाचं तोंड दिसायचं तेही बंद झालं असतं. तिला सुशांतचा राग आला, रेंजचा आला, त्या लाल डबीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. ती चालायला लागली. कडेवरून लवू मागे वळून "बाबा! बाबा!" करत होता, सासूबाई "अगो, फोन घी मां," म्हणत मागून येत होत्या, आणि फोन वाजतच होता.

माडांच्या सावलीत पोचल्यावर रेंज गेली आणि तो आपोआप बंद पडला.