भाषणाआधीचं इंजेक्शन

धाकट्या दिराला बढती मिळाली, म्हणून त्याने सगळ्या नातेवाइकांना हॉटेलात जेवायला बोलावलं. वेटर म्हणाला, "गरम गरम आणतोच." त्याच्यावर विश्वास ठेवून थोरल्या वहिनींनी टेबलाखालीच इन्सुलिन टोचून घेतलं.

तेवढ्यात दीर उठला, ताटं घेऊन येणाऱ्या वेटरला त्याने हातानेच परत पाठवलं आणि भाषण सुरू केलं. ऑफिसात याचं कुणी ऐकून घेत नसे. इथे उपाशी माणसं आयतीच तावडीत सापडली होती. स्वतःची टिमकी वाजवता वाजवता तो शाळेतल्या बक्षिसांपर्यंत पोचला. आणि बक्षीस कसलं, तर हजेरीचं!

वहिनींना दरदरून घाम फुटला, बोटं थरथरू लागली. साखर उतरत होती. पर्समधल्या ग्लुकोजच्या गोळ्या संपल्या होत्या. "भाऊजी, आवरा आता," त्या म्हणाल्या.

"शेवटचा मुद्दा, वहिनी!" असं म्हणून त्याने नवाच मुद्दा काढला.

वहिनींनी समोर ठेवलेला बढतीचा केक ओढला आणि दिराचं नाव लिहिलेला कोपरा चमच्याने उचलून तोंडात घातला.

"अगंबाई, जाऊबाई!" दिराची बायको ओरडली. "तुम्हाला डायबेटिस आहे ना? गोड कसलं खाताय?"

"तुझ्या नवऱ्याचं भाषण ऐकून साखर खाली गेलीये. आणखी ऐकवायचं असेल, तर आणखी केक मागव."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. दीर धप्पकन बसला. वहिनींची थरथर हळूहळू थांबली. मग त्यांनी स्वतःच वेटरला हाक मारली.