चार ते सहाची लाईन

आई म्हणते, या पोरीच्या पायाला भिंगरी आहे. त्या मंगळवारी ती भिंगरी पायातून निघून थेट डोक्यात गेली होती. साडेपाचला लंडनहून कॉम्प्युटरवर माझी मुलाखत होती आणि मी तीन वाजल्यापासून ओसरी ते टेबल, टेबल ते ओसरी येरझाऱ्या घालत होते. आईने दोनदा चहा आणून ठेवला. दोन्ही वेळा मी तो थंड करून परत दिला.

ही गोष्ट दोन हजार आठच्या फेब्रुवारीतली. मी सव्वीस वर्षांची, बालाघाटच्या कोर्टात तीन वर्षं वकील. वकील म्हणजे काय, तर सीनिअरसाठी तारखा मागणारी. लंडनच्या एका विद्यापीठात ऊर्जा आणि हवामानाच्या कायद्यावर एक वर्षाची फेलोशिप होती. शिकणं, राहणं, येणं-जाणं सगळं त्यांच्याकडून. आपल्यासारख्या देशांसाठी जागा एकच आणि वय सत्तावीसच्या आत हवं. म्हणजे मला हा पहिला आणि शेवटचा डाव. तो हुकला तर जन्मभर 'अगली पेशी दी जाए, हुजूर' म्हणत उभं राहायचं, हे मला लख्ख दिसत होतं, आणि त्या विचाराने भर थंडीत घाम फुटत होता.

त्यांनी मला मुलाखतीला बोलावलं ते एका लेखामुळे, आणि तो लेख निघाला जवळच्या हट्टा गावाच्या बाजूच्या एका खेड्यातून. तिथल्या अंगणवाडीच्या ललिताबाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या होत्या. गावाची वीज वेळापत्रकात असते, तारेत नसते. नळाची टाकी त्याच विजेवर भरायची, त्यामुळे वीज नाही म्हणजे पाणी नाही. मी माहितीच्या अधिकारात सबस्टेशनचं लॉगबुक मागवलं. दोन वर्षांची पानं आली आणि त्यांत जागोजागी एकच शब्द होता: ट्रिप. म्हणजे लाईन आपोआप पडली, दोष कोणाचाच नाही.

मला त्यातलं ओ की ठो कळेना. उलगडा केला तो बाबांनी. माझे बाबा, चिंतामणबाबू, एकतीस वर्षं सबस्टेशनवर ऑपरेटर होते. दोन-अडीच वर्षांपूर्वी रिटायर झालेले, हात रिकामे. त्यांनी चष्मा चढवला, जुनी पंचांगं शोधून काढली आणि लॉगबुकाशेजारी उघडून ठेवली.

"हे पाय. ट्रिप, अन् त्याच दिवशी मोठी लग्नतिथी. हे दुसरं पाय. इथंबी तिथी. लाईन काय मुहूर्त पाहून पडते का?"

"मंग?"

"शहरात कोणाघरी कार्यक्रम राह्यला का सबस्टेशनले फोन येते. 'बाबूजी, जरा पाहून घेजा.' मंग शहरात लाईट बंद ठेवाचा, कटौतीचा टाइम असला तरी त्याईची लाईन चालू ठेवाची. पण वरून सांगतला तेवढा लोड त कमी कराच लागते. मंग गावाची लाईन खोलाची, म्हंजे बंद कराची, अन् लिहाचं ट्रिप. गाववाला बिचारा कोणाले फोन करन?"

त्या 'पाहून घेजा'वर माझा अडतीस पानांचा लेख उभा राहिला. जबलपूरच्या हायकोर्टात ललिताबाईंची याचिकाही उभी राहिली. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, वेळ नसताना लाईन गेली की मला फोन करायचा, मी रजिस्टरात लिहून घेईन. मागवलेली पानं बाबा रिटायर झाल्यानंतरची होती. त्यांत बाबांचं अक्षर नव्हतं. त्याआधीची पानं मी मागवलीच नाहीत. का नाही मागवली, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

तर तो मंगळवार. त्या आठवड्यात शहराची कटौती होती चार ते सहा, म्हणजे मुलाखतीच्या ऐन वेळी. घरच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. मी जनरेटरवाल्या सायबर कॅफेत जाणार होते, तर बाबा म्हणाले, "तिथं पोट्टे गेम खेळून कल्ला करतेत. घरूनच दे. लाईटीचं मी पायतो."

मला वाटलं, मंडपवाल्याकडून जनरेटर आणतील. चार वाजले आणि आईने दुपारपासून माझ्यासाठी लावलेला पंखा फिरतच राहिला. साडेचार झाले, तरी फिरतोय. देव पावला म्हणून मी हात जोडले. पाच वीसला फोन वाजला. ललिताबाई होत्या.

"मॅडम, लिहून घेता का? आज आमचा टाइम चार ते सहा होता. चारले लाईन येवाची त आलीच नाई." मागे घागरींचा खणखणाट आणि बायकांचा गलका ऐकू येत होता. "टाकी सकाळीबी नव्हती भरली. आज त लग्नतिथीबी नाई वो. कोणाच्या घरी कार्यक्रम हाय?"

मी वर पंख्याकडे पाहिलं. त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. फोन ठेवून मी ओसरीत गेले.

बाबा ओसरीत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते, जशी मुलाखत त्यांचीच.

"बाबा, कोणाले फोन केलता?"

"भोजराजले. आज ड्युटीवर तोच हाय. माह्याच हाताखाली शिकला तो."

"काय म्हणलं त्याले?"

ते दाराबाहेर पाहू लागले. "म्हणलं, जरा पाहून घेजो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अख्खं गाव घागरी घेऊन उभं हाय, बाबा! अन् त्याच गावाच्या नावानं मी लंडनले चालली! कुंपणच शेत खाते त राखण कोण करन?"

"दोन घंट्याचा सवाल हाय, ऋता." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "एकतीस वर्षं लोकाईच्या पोरीच्या लग्नाले म्या लाईन देल्ली. आपल्या पोरीसाठी एक डावबी मागतली नाई. आज मागतली."

त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, लावा भोजराजकाकांना फोन आणि द्या गावाची लाईन. हाताशी नऊ मिनिटं होती. मी तसं म्हटलं नाही. आत गेले, केस विंचरले आणि टेबलाशी बसले. मला ती फेलोशिप हवी होती. इतकी हवी होती की घागरींचा आवाज कानात असतानाही मी पायाने ठेका धरून पडदा उजळायची वाट पाहत बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

पडद्यावर दोन चेहरे आले, एक पिकल्या केसांची बाई आणि एक दाढीवाले प्राध्यापक. पहिली दहा मिनिटं झकास गेली. मी बोलत होते, ते माना डोलावत होते. मग बाईंनी माझ्या लेखाचं एक पान उलटलं.

"तुम्ही म्हणता, ही लाईन पडत नाही, फोनवर सांगून पाडली जाते," त्या म्हणाल्या. "पण हा तुम्ही पंचांगावरून काढलेला तर्क आहे. फोन करणारा किंवा घेणारा एखादा माणूस हे शपथेवर सांगेल का? असा एक तरी माणूस तुमच्या ओळखीचा आहे?"

दारात बाबा उभे होते. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून भिंतीला चिकटून.

लोक घाबरतात, कोणी पुढे येत नाही, असं सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"आहे," मी इंग्रजीत म्हणाले. "आत्ता माझ्या घरात जी वीज आहे ती त्याच गावाची आहे. मला तुमच्याशी बोलता यावं म्हणून तिकडे तोडली आहे. फोन माझ्या वडिलांनी केला. मला ते वीस मिनिटांपूर्वी कळलं, आणि तरीही मी येऊन बसले."

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून दाराकडे पाहिलं. बाबा हसत होते. 'माय फादर' एवढं त्यांना कळलं असावं आणि पोरीने साहेबांपुढे आपलं कौतुक केलं असं वाटलं असावं. त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला. मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

पुन्हा पाहिलं तर दारात कोणी नव्हतं. ओसरीतून फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. बाईंचा पुढचा प्रश्न अर्धा झाला असेल, तेवढ्यात पडदा काळा पडला आणि पंखा मंदावत थांबला.

"देल्ली त्याईची लाईन," बाबा बाहेरून म्हणाले.

थोड्या वेळाने ललिताबाईंचा फोन आला. "आली वो मॅडम. सहाले बारा कमी होते. लिहून घ्या." मी रजिस्टरात लिहून घेतलं. कारणाचा रकाना कोरा सोडला.

मला बाबांचा राग आला होता. त्यांनी वीज मागितली म्हणून आणि नंतर तोडली म्हणूनही. त्याहून जास्त स्वतःचा आला होता, पण स्वतःशी अबोला धरता येत नाही, म्हणून मी बाबांशी धरला. आमच्या घरी अबोला म्हणजे आईची धावपळ. "तुह्या बापाले सांग जेवाले बस म्हणावं," असं ती मला सांगायची, आणि मी हूं की चूं न करता चप्पल घालून वैनगंगेच्या घाटावर निघून जायची. तिथेही बसवत नव्हतं. पाच मिनिटांत परत.

आठवड्याने सायबर कॅफेत त्यांची मेल वाचली. मुलाखत अर्धी राहिली, पण शेवटी तुम्ही जे सांगितलं ते गंभीर आहे. ज्यांनी फोन केला त्यांचं शपथेवरचं निवेदन पंधरा मार्चपर्यंत मिळालं तर निवडीत तुमचा विचार करू. नाही मिळालं तर लेखातला मुख्य मुद्दा सिद्ध झाला नाही असंच धरावं लागेल. मी ती मेल छापून घेतली आणि याचिकेच्या फायलीत खुपसली. बाबांना काय तोंडाने सांगणार? अजून बाजारात लोक त्यांना 'नमस्ते, चिंतामणबाबू' म्हणून थांबवतात. अशा माणसाला म्हणायचं की स्वतःच्या हाताने लिहून द्या, मी लबाडी केली? उद्या पेन्शनच्या मागे चौकशी लागली तर? मी रोज तो कागद काढायची, वाचायची, घडी घालून परत ठेवायची. घड्यांवर कागद फाटायला आला, पण माझं तोंड उघडलं नाही.

बारा मार्चला बाबा कोर्टात आले. आवारातल्या कडुनिंबाखाली टायपिस्टांच्या रांगेत माझं टेबल आहे. त्यांच्या अंगात तोच इस्त्रीचा सदरा होता. माझ्या शेजारची खुर्ची सोडून ते समोरच्या बाकावर बसले, जिथे पक्षकार बसतात.

"शपथपत्र लिहाचं हाय," ते म्हणाले. महिन्याभरात माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

"कशाचं?"

त्यांनी खिशातून कागद काढला. माझाच, फायलीतला, घड्यांवर फाटलेला. "इंग्रजी येते मले. एकतीस वर्षं लॉगबुक इंग्रजीतच लिहलं." मग म्हणाले, "त्या दिवशीबी समजलं होतं. तू काय म्हणली ते."

"सगळं?"

"हौ. सगळं."

"मंग हासले काहून?"

"माही पोरगी साहेबलोकाईच्या समोर खरं बोलून राह्यली होती. हासू नाई त काय करू?"

मला पुढे काही दिसेना. बाजूचा टायपिस्ट टकटक थांबवून आमच्याकडे पाहू लागला. मी त्याच्यावर डोळे वटारले.

"बाबा, पेन्शनचं काय? अन् लोकं काय म्हणतीन? तुमी हे पुन्हा माह्यासाठीच करून राह्यले."

"हौ, तुह्यासाठीच. पण या डावाले दुसऱ्याची लाईन नाई कापली म्या. आपलीच कापली." त्यांनी बाक पुढे ओढला. "लिही आता. अन् भोजराजचं नाव नको घालू. फोन म्या केला."

मी कोरा कागद घेतला. नाव, वडिलांचं नाव, वय, पत्ता, जे परक्या माणसाला विचारते ते सगळं विचारलं आणि त्यांनी परक्यासारखंच सांगितलं. नोकरीत असताना असं किती वेळा केलं, हेही विचारावं लागलं. ते बोटांकडे पाहत राहिले.

"मोजलं नाई. लिही, जितक्या वेळा फोन आला तितक्या वेळा."

त्या कागदाची एक प्रत जबलपूरला गेली, एक लंडनला गेली आणि सप्टेंबरात मीही गेले. पण त्या दिवशी कडुनिंबाखाली शेवटची ओळ भरायची राहिली होती. मंगळवार, संध्याकाळी चार ते पाच अठ्ठेचाळीस, गावाची लाईन बंद. पुढे कारण.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

बाबांनी माझ्या हातातून पेन घेतला आणि कागद आपल्याकडे वळवला. ज्या हाताने एकतीस वर्षं ट्रिप लिहिलं त्याच हाताने, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत त्यांनी कोर्टाच्या हिंदीत लिहिलं: मेरी बेटी का इंटरव्यू.