सदतीस घोड्यांची गाडी

मी एक छोटी पांढरी मोटार बोलतेय. तीन सिलिंडर, आठशे सीसी, सदतीस हॉर्सपॉवर आणि वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. आजच्या गाड्यांपुढे हे आकडे सांगताना जरा ओशाळायलाच होतं.

नाशिकच्या शोरूममधून मला ललिताताईंनी घेतलं. पेठ तालुक्यातल्या एका उपकेंद्रात त्या नर्स होत्या. त्यांच्या यजमानांना, किशोररावांना, मोठी गाडी हवी होती.

"अगं, रोज घाट चढायचाय. ही काडेपेटी चढेल का?"

"मी एकटी जाणार. मला काय वरात न्यायचीये?" ताई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन मोकळ्या झाल्या.

कोटंबी घाटात मला हिरामणची काळीपिवळी जीप भेटायची. तिचं इंजिन दणकट, आवाज तर डोंगर हलवणारा. मला वाटायचं, आपण कुठे आणि ही कुठे! पण चढाला लागलं की तिचा वेग मंदावायचा. तिची ताकद माझ्या दीडपट होती, वजन मात्र अडीचपट, वर माणसं आणि पोती. तिच्या एकेका घोड्याला माझ्या घोड्यापेक्षा जास्त ओढावं लागायचं. एकट्या ताईंना घेऊन मी तिच्या बाजूने निघून जायची. फार फुशारकी मारत नाही. चौघं बसली की मलाही धाप लागायची आणि ताई एसी बंद करायच्या. काचा उतरवल्या की भातखाचरांचा वास आत यायचा. किती सुंदर होते ते दिवस!

भाद्रपदातल्या एका दुपारी पाड्यावरून निरोप आला. नवसाबाईला कळा लागल्या होत्या, मूल आडवं होतं. पेठच्या दवाखान्यात न्यायलाच हवं होतं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलेली. हिरामण जीप घेऊन निघाला, पण ओहोळाच्या अलीकडेच चिखलात त्याची चाकं निम्मी रुतली. जितका जोर लावला, तितकी जीप खाली गेली. दहा जणांनी ढकललं, ती हलली नाही.

ताईंनी मला कडेच्या गवतावरून काढलं. ओहोळात मात्र माझीही चाकं जागच्या जागी फिरू लागली. पलीकडच्या काठावर नवसाबाई विव्हळत होती. मला माझ्या सदतीस घोड्यांची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात नवसाबाईचा नवरा मंगळू पाण्यात उतरला. त्याने माझा बंपर धरून पाहिला आणि ओरडला, "आरं, ही तं लय हलकी हाय! या सगळे, उचला!"

ताई खाली उतरल्या. माणसांनी मला चहूबाजूंनी धरलं आणि चक्क उचलून परत अलीकडच्या काठावर ठेवलं. माझं तोंड पेठच्या वाटेला वळवलं. नवसाबाईला हातांवर उचलून पाण्यातून अलीकडे आणलं आणि मागच्या सीटवर निजवलं. मग ताईंनी जी गाडी हाणली! खड्डा आला की मी अंग सावरायची, मागे नवसाबाई ताईंना म्हणायची, "बाय, पोचू ना?"

"पोचतोयच गं, श्वास घे."

पोचलो. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मंगळूने माझ्या बोनेटवर डोकं टेकलं तेव्हा इंजिन अजून तापलेलंच होतं. त्याला चटका बसला नसेल ना, एवढंच मला वाटत राहिलं.

पुढे ताईंची बदली शहरात झाली. किशोररावांनी मोठी डिझेल गाडी घेतली; वजन माझ्या तिप्पट, ताकद चौपट. ती हायवेवर पिंपळगावपर्यंत कशी अलगद जाते, हे ते सगळ्यांना सांगत. खोटं नव्हतं ते. लांबच्या प्रवासाला, घरभर माणसांना तिच्यासारखीच हवी. मी नुसती उभी राहून गंजू नये म्हणून ताईंनी मला नाशिकरोडच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलला दिलं. जाताना त्यांनी माझी काच पदराने पुसली आणि बराच वेळ आतच बसून राहिल्या.

आता रोज नवे हात. सध्या एकलहऱ्याच्या कुसाबाई येतात. पन्नाशी उलटलीये, नातवाला शाळेत सोडायचंय म्हणतात. काल चढावर मला तीनदा बंद पाडलं, मागून हॉर्नचा गोंगाट, बाई रडकुंडीला आलेल्या.

कुसाबाई, त्यांना वाजवू द्या. पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. मी आहे ना.